मामाची जीप मेली त्याची गोष्ट

जीप दुरुस्त करायला मेकॅनिक लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती खुशाल मेकॅनिककडे न्यावी आणि शिव्या घालत परत यावं. माझं तसं नाही! माझ्या जीपला आजवर परक्या माणसाचा पाना लागलेला नाही. वडील सामुदायिक शेतावर ड्रायव्हर होते. ते शेत मोडलं तेव्हा कुणाच्या वाट्याला गाई आल्या, कुणाच्या मेंढ्या, आमच्या वाट्याला ही जीप आली. चारही चाकांना जोर असलेली, लोखंड असं की हातोडा मारला तर हातोडाच वाकावा. वडील गेले, जीप राहिली. नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमच्या गावात तेमिरकुलचं घर विचारा, लोक म्हणतील, "जिथं जीपखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील, ते!"

तर गेल्या जूनमध्ये उन्हाळी कुरणावर जाताना ही जीप ओढ्यात बसली. अडकली नाही, बसली! मागं आख्खा युर्त, म्हणजे आमचा कुरणावरचा तंबू, भांडीकुंडी, पुढं मी आणि माझी बायको बुरुल. शेजारच्या उस्मोनाली काकांनी ट्रॅक्टर लावून बाहेर काढली आणि सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. पुढं वर्षभर, लग्न असो की मयत, मी दिसलो की प्रत्येकाचा एकच प्रश्न: "काय तेमिरकुल, जीप वाळली का?"

म्हणून या वर्षी ठरवलं, जीप उंच करायची. यंदा कुरणावर जायचं ते आपल्या चाकांवर, ओढ्यातून, गावादेखत!

"चार दिवसांचं काम," मी बुरुलला सांगितलं.

एकोणीस दिवस लागले. लष्करी ट्रकचे स्प्रिंगचे जुने पाटे मिळवले, ते खाली बसवले. मोठे टायर आणले, ते मावेनात म्हणून मडगार्ड कापले. धूर सोडायचा पाइप थेट टपापर्यंत चढवला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बुरुलच्या वाळत घातलेल्या लोकरी नमद्याला तीन भोकं पडली, ती तिनं मला रोज मोजून दाखवली. शेवटी जीप उभी राहिली तेव्हा ती कुंपणावरून शेजाऱ्यांच्या अंगणात बघत होती.

बुरुलनं तिला खालून वर न्याहाळलं. "अहो, हिच्यात चढायला आधी घोड्यावर बसायचं का?"

मी किल्ली फिरवली. जीप ओढ्यावर नेली. गेली की हो! पाणी पाट्यांनासुद्धा लागलं नाही! तीनदा गेलो, तीनदा आलो. काठावर उस्मोनाली काका गाईंना पाणी पाजत होते, त्यांनी टोपी काढून सलाम केला. मी इतका खूश होतो की घरी आल्यावर बुरुलची भांडीसुद्धा धुऊन ठेवली.

आणि त्याच दुपारी बहिणीचा फोन आला. "दादा, तिलेक शुक्रवारी येतोय. म्हणाला, मामाकडे जाऊन येतो."

मी फोन ठेवला आणि आधी जीपकडे बघितलं.

मामा-भाचा म्हटलं की तुम्हाला गोड वाटेल. आमच्याकडे म्हण आहे, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले! कारण बहिणीच्या मुलाला मामाच्या घरातली मनाला येईल ती वस्तू मागायचा हक्क. आयुष्यात तीनदा. मामानं नाही म्हणायचं नाही. तिलेक बारा वर्षांचा होता तेव्हा त्यानं माझं शिंगरू मागितलं. ते शिंगरू पुढं चार शर्यती जिंकलं. विसाव्या वर्षी वडिलांचं चांदीचं खोगीर मागितलं. दोन्ही वेळा मी हसत दिलं. हसून हसून जबडा दुखला. तिसरं मागणं नऊ वर्षं शिल्लक आहे आणि हे पोरगं नऊ वर्षं माझ्याकडे आलं की जीपभोवतीच घुटमळतं!

"जीपच मागणार," मी बुरुलला म्हणालो. "दुसरं उरलंय काय घरात? मामी तर मागता येत नाही!"

"मागता आली असती तर मी कधीच गेले असते," बुरुल म्हणाली.

रात्रभर विचार केला आणि सकाळी उपाय सापडला. चालती जीप मागता येते, मेलेली कोण मागेल? शुक्रवार यायला दोन दिवस होते. मी पाना उचलला.

एकोणीस दिवसांत जोडलेली जीप मी दीड दिवसात उघडली! चाकं काढली, इंजिन काढलं, गिअरबॉक्स काढला, दारंसुद्धा काढली. सगळं अंगणात पसरलं. नट-बोल्ट ठेवायला भांडी पुरेनात म्हणून चहाचे वाडगे घेतले, तेल किमिझच्या बादलीत ओतलं. घोडीच्या दुधाला पुढं आठवडाभर गिअरचा वास येत होता, त्यावरून मी जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी थोडी माती टाकली आणि सांगाड्यावर दोन कोंबड्या बसवल्या. कोंबड्यांमुळे तर जीप दहा वर्षांपूर्वी वारल्यासारखी दिसायला लागली.

शुक्रवारी तिलेक आला. फाटकातच थबकला.

"मामा! हे काय झालं?"

"गेली रे," मी हात पुसत म्हणालो.

"अशी कशी गेली? आई तर म्हणाली, मामानं उंच केलीय!"

"उंच केली, तेच बाधलं. वारं लागलं."

तिलेकनं मला मिठीच मारली. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. माझ्याही आलं, कारण पायावर नुकताच ब्रेकचा ड्रम पडला होता.

भाचा आला म्हणून मेंढा कापला होता. मटणाचा वास सुटला आणि आमंत्रण नसताना उस्मोनाली काका आले. जेवण मांडलेल्या दस्तरखानाशी बसत त्यांनी अंगणाकडे बघितलं. "मेली? अरे, काही काय! परवा तर ओढ्यातून..."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना आपल्या हातानं घास भरवणं हा मोठा मान. मी मेंढ्याच्या शेपटीची पाव किलो चरबी उचलली आणि काकांच्या तोंडात कोंबली. इतका मान दिला की त्यांना श्वास घेता येईना.

"परवा ओढ्यातून काय?" तिलेकनं विचारलं.

"ओढ्यातून ओढून आणली," मी म्हणालो. "शेवटची."

काकांचे डोळे फिरत होते. बुरुल त्यांची पाठ चोळत होती आणि माझ्याकडे बघत होती.

तिलेकनं समोरच्या नानकडे बोट दाखवलं. "मामा, भाकरीसमोर सांगा. खरंच मेली? काहीच होणार नाही?"

भाकरीसमोर खोटं बोलू नये, हे आमच्याकडे रांगणारं पोरसुद्धा जाणतं. मी डोळे मिटले. "मेली. भंगार आहे. कोंबड्यांचं खुराडं करणार आहे."

"मग मामा, तिसरं मागणं मागू?"

"माग की! माग!" मी जिंकलो होतो.

"मी पण तसलीच एक जुनी जीप घेतलीय. सगळं ठीक आहे, फक्त तिचा मधला डबा फुटलाय. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटतो ना, तो. सहा महिने शोधतोय, कुठं मिळत नाही." त्यानं अंगणाकडे बघितलं. "तुमची जीप चालती असती तर मी शब्द काढला नसता हं! चालती जीप मागणारा तो भाचा नव्हे, दरोडेखोर. पण आता मेलीच आहे तर तो डबा तेवढा द्या. तिचं काहीतरी जिवंत राहील."

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातलं हाड खाली पडलं. तो डबा नसेल तर पुढची चाकंही फिरत नाहीत आणि मागचीही! आणि रविवारी, पुढच्याच्या पुढच्या, सगळं गाव कुरणावर निघणार होतं!

"अरे, डबा काय मागतोस!" मी ओरडलो. "घोडी घे! ती करडी घोडी घे!"

"नको मामा."

"दोन मेंढे घे वर!"

"नको नको, मला मेलेल्या गाडीचा डबाच पुरे."

"चार मेंढे!"

बुरुलनं मला कोपरानं ढोसलं. एव्हाना उस्मोनाली काकांनी चरबी गिळली होती. "वा! मामा असावा तर असा!" ते गहिवरले. "पोरगं डबा मागतंय आणि हा घोडी देतोय!" आणि त्यांनी दोन्ही हात पसरून डब्याला आणि तो घेणाऱ्याला दीर्घायुष्य चिंतलं. सगळे आमीन म्हणाले. मलाही म्हणावं लागलं.

तिलेकनं डबा रॉकेलनं स्वच्छ धुतला, पोत्यात गुंडाळला आणि बाळासारखा मांडीवर घेऊन भाड्याच्या गाडीत बसला. बुरुलनं वर वाटेत खायला तळलेल्या बोर्सोकची पिशवी दिली.

"खरं सांगून टाकायचं होतं," गाडी गेल्यावर ती म्हणाली.

"काय सांगू? भाकरीसमोर खोटं बोललो म्हणून?"

"मग बोललात कशाला?"

बायका असले प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाटसुद्धा बघत नाहीत.

मी आठवडाभर राबून जीप परत जोडली. सगळं जागच्या जागी बसलं, मधे फक्त एक भोक. आणि त्या भोकाकडे बघताना मला आठवलं, बुरुलचा भाऊ काच्किनबाय! अत-बाशीला राहतो, त्याच्याकडे अशीच जीप आहे. आणि आमचा मुलगा एसेन त्याचा भाचा! तिन्ही मागण्या शिल्लक, एकही न वापरलेली! मी लगेच नारिन शहरात एसेनला फोन केला. तो तिथं शाळेत शिकवतो.

"मामाकडे जा आणि डबा माग."

"बाबा, मला लाज वाटते."

"लाज कसली? भाच्याचा हक्क आहे तो! वाडवडिलांपासून चालत आलाय!"

"परवा तर तुम्ही म्हणत होतात की ही लुटमार बंद करायला पाहिजे..."

"ते तिलेकबद्दल!"

एसेन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "बाबा, मामाची जीप मेली."

"काय?"

"अंगणात सगळी सुटी करून ठेवलीय. वर कोंबड्या बसल्यात."

माझं डोकं फिरलं! "खोटारडा! सख्ख्या भाच्याला फसवतो! अरे, काही लाज? मेली तर मेली, तू मेलेल्या गाडीचा डबा माग!"

"मागितला. मामा म्हणतो, सगळं आहे, डबा तेवढा सापडत नाहीये."

मी बुरुलकडे बघितलं. ती अगदी मन लावून चहा गाळत होती.

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "सुखदुःखाचं सांगायला नको?"

एसेन मात्र रिकाम्या हातानं आला नाही. इतक्या लांब गेलोच आहे तर, म्हणून त्यानं मामाकडे दोन घोडे मागितले. काच्किनबायनं सुटकेचा निःश्वास टाकून ते दिले.

रविवारी गाव निघालं. आमची जीपही निघाली. युर्त लादलेला, पुढं दोन घोडे जुंपलेले, एका घोड्यावर एसेन. वर, गच्चीत बसावं तसा, स्टिअरिंगला मी. बुरुलनं माझ्यासोबत बसायला साफ नकार दिला. ती उस्मोनाली काकांच्या ट्रॅक्टरवर पुढं गेली. रस्त्यात पोरंटोरं हसत होती, पण मी ताठ मानेनं समोर बघत राहिलो.

ओढ्याच्या मधोमध घोडे थांबले. पाणी पिऊ लागले. पाणी पिऊन झालं तरी हलेनात. पलीकडच्या काठावर आधी पोचलेलं सगळं गाव उभं होतं. आणि मागून एक आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. माझा डबा!

तिलेकची जीप छान पाणी कापत शेजारी येऊन उभी राहिली. त्यानं काच खाली केली. माझ्या चाकांकडे, जागच्या जागी बसलेल्या दारांकडे, वरच्या सामानाकडे बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "मेलेली जीप घेऊन निघालात कुठं?"

चाळीस माणसं काठावर कान टवकारून उभी. बुरुलसुद्धा ट्रॅक्टरवर उठून उभी राहिली. खरं सांगायची वेळ तीच होती, मला कळत होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"पुरायला!" मी म्हणालो. "तिला कुरण फार आवडायचं."

कुणी हसलं नाही. तिलेकनं डोक्यावरची टोपी काढली. मग काठावर एकेकानं काढली. "मग मामा," तो हळूच म्हणाला, "भाच्यानं खांदा नको द्यायला?" आणि त्यानं दोर बांधून, माझ्याच डब्याच्या जोरावर, मला ओढ्यातून थेट कुरणापर्यंत ओढत नेलं.

आता मयत जाहीर झालं म्हटल्यावर लोक भेटायला येणारच. आमच्याकडे दुखवट्याला आलेल्याला मेंढा कापावा लागतो, त्यात सुटका नाही. रोज कुणीतरी घोड्यावरून येतं, दोन मिनिटं मान खाली घालून बसतं आणि मग जेवायला थांबतं. आतापर्यंत पाच मेंढे झाले. आणि मयत युर्तच्या दाराशी उंच उभं राहून सगळ्यांना वरून बघत असतं!

काल तिलेक सांत्वनाला येऊन गेला. चढ अवघड आहे, पण जीप एका दमात चढते म्हणाला. सोबत पाच मित्र होते, सगळे उपाशी.