टॅमरॅक लेकच्या खराब रायफली

नेम माणसाचा चुकत नाही, बंदुकीचा चुकतो. हे सत्य बाकीच्या जगाच्या गळी उतरायला अजून वेळ लागेल, पण मिशिगनच्या उत्तर टोकाला टॅमरॅक लेक नावाच्या गावात ते पहिल्यापासून मान्य आहे. या गावात बाराशे माणसं, दोन चर्च, एक पेट्रोल पंप आणि अंदाजे दोन हजार रायफली आहेत. माणसं सगळी अव्वल नेमबाज आहेत. रायफली मात्र एकजात नालायक निघाल्या. (दोन चर्चपैकी कोणतं खराब आहे याबद्दल मतभेद आहेत.)

डेल लाहती हा या गावातला सगळ्यात कमनशिबी रायफलमालक. तो काउंटीच्या रस्ते खात्यात बर्फ सारायचा ट्रक चालवतो. समोर काही दिसत नाही अशा वादळात तो दोन टपालपेट्यांच्या मधून बारा फुटी पातं नेतो, आणि एकाही पेटीला ओरखडा येत नाही. म्हणजे त्याचे डोळे शाबूत आहेत, हातही शाबूत आहेत, हे सरकारी पातळीवर सिद्ध झालेलं आहे. असा माणूस रायफल हातात घेतो आणि गोळी भलतीकडेच जाते, तेव्हा दोष कोणाचा हे सांगायला वकील लागत नाही.

हरणांचा हंगाम सुरू होण्याआधी गावच्या शिकारी क्लबात रायफली तपासायचा दिवस असतो. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवायची, शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या किती जवळजवळ लागल्या ते पाहायचं. सगळ्या इंचभरात बसल्या तर रायफल चांगली. ही पद्धत दिसायला सोपी आहे, पण तिच्यात एक त्रुटी होती. तिच्यात पाचही गोळ्या मोजत असत. क्लबानं पुढे विचारपूर्वक ठराव केला की जी गोळी नेमबाजाच्या मनात नसताना दुसरीकडे जाते ती ‘भटकी’ समजावी आणि भटकी गोळी धरू नये. तेव्हापासून क्लबातल्या सत्त्याण्णव टक्के रायफली इंचाच्या आत मारतात. (उरलेल्या तीन टक्के पाहुण्यांच्या आहेत.) डेलच्या पाचांपैकी कधी तीन भटक्या निघत, कधी चार. एकदा त्याची एकच गोळी हिशोबात उरली, आणि एका गोळीपुरतं पाहिलं तर ती अगदी जवळजवळ लागली होती.

तरीही रायफल चुकलीच, तर क्लबाला मान्य असलेली कारणं आहेत. दस्त्याचं लाकूड ओलाव्यानं फुगलं. नळी गार होती. नळी तापली होती. नळी नुकतीच साफ केली होती. नळी बऱ्याच दिवसांत साफ केली नव्हती. दुर्बिणीला ट्रकमध्ये हादरा बसला. वारा होता. वारा नव्हता (आणि नेम वारा धरून लावला होता). ही कारणं डेलला तोंडपाठ होती. एक-दोन तर त्यानंच क्लबाला मिळवून दिली होती.

त्याची पहिली रायफल खराब निघाली म्हणून त्यानं तिची दुर्बीण बदलली. मग दस्ता, मग चाप, शेवटी नळी. जुनी म्हणावी अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे निराशा. तेव्हा त्यानं ती मित्राला, जेरी ल्यापॉइंटला विकली. जेरीचीही निराशा झाली. त्यानं ती पोस्टमास्तरला दिली, पोस्टमास्तरानं दंतवैद्याला. दंतवैद्यानं दस्त्याला हिरवा रंग मारला आणि दोन हंगामांनी ‘हजारात एक रायफल’ म्हणून ती डेललाच विकली. डेलनं पहिली गोळी झाडली आणि म्हणाला, “हिचा झटका ओळखीचा वाटतोय.” जेरी म्हणाला, “चांगल्या रायफलीचा झटका असाच असतो.”

डेलची बायको मार्सी तपासणीच्या दिवशी पास्टी आणि कॉफी घेऊन मैदानावर येत असे. मटण-बटाट्याच्या त्या पास्टी गार व्हायला लागल्या, की तिचाही धीर सुटे.

“डेल, तू डोळे मिटतोस,” ती म्हणाली.

“कोण, मी?”

“चाप ओढायच्या आधी. दोन्ही मिटतोस. सर्दीचं औषध नाकात टाकताना मिटतोस ना, तसे.”

“रायफलीवर भरवसा असेल तर माणूस डोळे कशाला मिटेल?” डेल म्हणाला. क्लबातल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण मुद्दा बिनतोड होता.

मार्सीनं कॉफीचा थर्मास खाली ठेवला, हिरवी रायफल घेतली आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्हींची मिळून एका नाण्याखाली झाकतील अशी भोकं पडली. क्लबानं यावर बराच वेळ चर्चा केली. निष्कर्ष असा निघाला, की रायफलीला येतं सगळं, पण करायचं नाही. हुशार आहे, लक्ष देत नाही. डेलनं तो कागद कात्रीनं नीट कापून पाकिटात ठेवला आणि पुढे वर्षभर तो लोकांना दाखवला. रायफल त्याची होती, म्हणजे भोकंही त्याचीच होती.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण होती ती कॅम्पची.

लाहती आणि इतर सहा-सात घरांचा मिळून जंगलात शिकारीच्या मुक्कामासाठी एक लाकडी कॅम्प आहे. तिथं क्लबाचे ठराव चालत नाहीत. तिथं एकच नियम आहे. ज्यानं हरणावर गोळी झाडली आणि हरीण निघून गेलं, त्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे पँटमध्ये खोचायचा मागचा भाग, त्याच संध्याकाळी कापायची आणि नाव घालून तुळईवर ठोकायची. भटकी गोळी, ओलावा, वारा, काही ऐकून घेतलं जात नाही. डेलच्या शेपट्या तुळईवर मावेनाशा झाल्या, तेव्हा त्यांचा स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा केला. (पडद्याची गरज होतीच.)

त्या तुळईवर एका माणसाची एकही शेपटी नव्हती. तो माणूस म्हणजे डेलचा बाप, रेइनो लाहती. चाळीस हंगाम त्यानं त्या कॅम्पवरून शिकार केली, तीही एकाच गंजक्या रायफलीनं आणि एकाच लाल-काळ्या चौकडीच्या लोकरी शर्टात. रेइनो बोलायचा कमी. मुलगा दरवर्षी कापलेला शर्ट घालून घरी यायचा, तेव्हा तो पेपरमधून डोकं वर काढायचा, बघायचा आणि पुन्हा पेपरमध्ये जायचा. एखादा शब्द बोलला असता तर डेलला बरं वाटलं असतं. बापासमोर आपण कायमचे नापास आहोत, असं त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षीही वाटत होतं, आणि त्या दुखण्यावर एकच औषध होतं. दोष रायफलीचा आहे हे एकदा चारचौघांत सिद्ध व्हायला हवं होतं.

रेइनो मागच्या वसंतात गेला. हंगाम जवळ आला तेव्हा आईनं, आयलीनं, कपाटातून तो लोकरी शर्ट काढून डेलच्या हातात दिला.

“आई, हा नको,” डेल म्हणाला. “हा कापला गेला तर?”

“मग चुकू नकोस,” आयली म्हणाली आणि कॉफी ओतायला लागली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी डेल देवदारांच्या कडेला बसला होता. अंगात पहाटेच्या अंधारात चढवलेला बापाचा शर्ट, हातात हिरवी रायफल. आठच्या सुमाराला एक भरदार शिंगांचा नर पन्नास-साठ पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. आडवा म्हणजे अगदी फोटो काढायला उभा राहावा तसा. डेलनं नेम धरला. देवाचं नाव घेतलं. रायफलीनं नेहमीचंच केलं.

नरानं मान वळवून आवाज कोण करतंय ते पाहिलं. डेलनं दुसरी गोळी झाडली. देवदाराची एक फांदी खाली आली. नरानं त्या फांदीची पानं हुंगून पाहिली. तिसऱ्या गोळीनंतर तो चालत निघून गेला. पळालाही नाही, आणि डेलला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी कॅम्पमध्ये सगळे जमले. तीन गोळ्यांचे आवाज सगळ्यांनी ऐकले होते आणि हरीण कोणालाच दिसत नव्हतं. डेल शेगडीकडे पाठ करून उभा होता.

“झाडल्या की नाही?” जेरीनं विचारलं.

“झाडल्या. पण रायफल...”

“अरे वा! अजून रायफल आहेच का!” जेरी म्हणाला आणि सगळे खो खो हसले. “हार्लनकाका, कात्री आणा. रेइनोकाकांचा शर्ट आहे, जरा बेतानं कापा.”

हार्लन मॅटसन हा कॅम्पमधला सगळ्यात म्हातारा, रेइनोचा जन्माचा सोबती. कात्री कायम त्याच्याकडे असे. तो डेलच्या मागे गेला. डेलनं डोळे मिटले (या वेळी रायफल हातात नव्हती, हे नमूद करायला हवं). बापाची चाळीस वर्षांची अब्रू आज त्याच्या पाठीवर कापली जाणार होती. हार्लननं शर्ट पँटमधून ओढून बाहेर काढला.

कात्री वाजली नाही.

हार्लननं वाकून पाहिलं. मग त्यानं शर्ट पुन्हा आत खोचला, आपल्या हातानं, लहान मुलाचा खोचतात तसा. पुढे येऊन तो म्हणाला, “रायफल खराब आहे.”

“काय?” जेरी म्हणाला.

“मी बघितली ती सकाळी. नळीत दोष आहे. अशा रायफलीनं कोणाच्या बापालाही हरीण मारता आलं नसतं. सोडा त्याला.”

कॅम्पच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. जेरीच्या हातातला बिअरचा डबा तसाच राहिला. आणि डेल! ज्या शब्दांची तो आयुष्यभर वाट पाहत होता ते शब्द कॅम्पच्या सर्वोच्च पातळीवरून आले होते. त्याला हार्लनच्या गळ्यात पडावंसं वाटलं. हिरवी रायफल त्यानं इतक्या मायेनं खुंटीला टांगली, की पाहणाऱ्याला ती बक्षिसात मिळाली असावी असं वाटलं असतं.

सॉनात, म्हणजे कॅम्पच्या वाफेच्या खोलीत, जायच्या आधी तो कपडे काढत होता, तेव्हा शर्ट त्याच्या हातात उलटा आला. वरून लाल-काळी लोकर. पट्ट्याच्या खाली मात्र पांढरं सुती कापड होतं, त्याच्यावर लहान लहान चेरी छापलेल्या. टाके आईचे होते. कापडही त्यानं ओळखलं. लहानपणी तो आईच्या याच कापडाच्या एप्रनला तोंड पुसायचा.

सॉनात हार्लन एकटाच वरच्या फळीवर बसला होता. डेल त्याच्याजवळ जाऊन बसला.

“काका, शर्ट बघितला मी.”

हार्लननं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. मग म्हणाला, “बघायचा नसतो. घालायचा असतो.”

“कधी झालं हे?”

“तू पोटात होतास त्या साली. आम्ही दोघंच होतो ओढ्याकाठी. हरीण उभं, हे एवढ्यावर. मी मारली, चुकली. ते हललं नाही म्हणून तुझ्या बापानं मारली. त्याचीही चुकली.”

“मग?”

“मग काय मग! नियम म्हणजे नियम. तिथल्या तिथं सुरी काढली. त्याची मी कापली, माझी त्यानं कापली. आम्ही काय नियम मोडणारी माणसं आहोत?”

“अहो, पण तुळईवर ठोकायची असते ना?”

“जंगलात खिळा कुठून आणायचा?” हार्लन चिडून म्हणाला.

डेलनं हिशोब केला. “बाबांचा तुकडा तुमच्याकडे असेल मग.”

“नाही. दफनाच्या दिवशी त्याच्या कोटाच्या खिशात घातला. म्हटलं, घेऊन जा बाबा बरोबर. माझा मात्र त्यानं कुठं लपवलाय देव जाणे. आईला विचार जमलं तर.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “तू कापलेला शर्ट घालून यायचास ना, तेव्हा तो मला फोन करायचा. म्हणायचा, पोरगं माझ्यापेक्षा धीट आहे. सगळ्यांसमोर कापून घेतं.”

डेलला हसू आलं आणि रडूही आलं. ज्या बापाची आयुष्यभर धास्ती वाटली, त्याची त्याला इतकी आठवण कधी आली नव्हती. सॉनात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

“बाबांची रायफल कशी होती हो?” त्यानं शेवटी विचारलं.

“भिकार,” हार्लन म्हणाला. “माझीही.”

दुसऱ्या दिवशी जे व्हायचं तेच झालं. एका रायफलीला सूट मिळाली, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? जेरीनं मागच्या सगळ्या हंगामांचा फेरविचार मागितला. एक समिती नेमली (सदस्य सगळे, अर्जदार तेच). समितीनं तुळईवरची एकेक शेपटी तपासली आणि प्रत्येक वेळी रायफल दोषी ठरली. हंगाम संपायच्या आत तुळई मोकळी झाली आणि पडदा उतरला. शेपट्या घरोघर परत गेल्या आणि बायकांनी त्या कुरकुरत जागच्या जागी शिवून दिल्या. मार्सीनं डेलच्या शिवल्या, पण दोरा मुद्दाम पिवळा घेतला. आता टॅमरॅक लेकमध्ये कोणाचाही नेम कधी चुकल्याचा काही पुरावा नाही. डेल आता शाळेतल्या नातवाला पणजोबांच्या गोष्टी सांगतो. चाळीस वर्षांत एकही गोळी वाया गेली नाही, हे सांगताना त्याचा आवाज जराही अडखळत नाही.

वाचकांच्या घराण्यातही आजवर कोणी चुकलेलं नाही, याबद्दल आम्हाला शंका नाही. आजोबांनी नोकरी सोडली ती साहेब खराब होता म्हणून. मामांचा धंदा बुडाला तो भागीदार खराब निघाला म्हणून. आणि तुमच्या वर्षी बारावीचा गणिताचा पेपर तर सगळ्यांनाच अवघड गेला होता. शर्ट अखंड आहे, कोण नाही म्हणतंय? फक्त जरा आत खोचून घ्या. मागून दिसतंय.