एकशे त्रेचाळीस उंदीर आणि सातवा नियम

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता, मागच्या खोलीत, बावीस नंबरच्या पिंजऱ्यातला एक पांढरा उंदीर मागच्या पायाने कान खाजवत बसला होता. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. उंदीर खाजवतात, माणसंही खाजवतात, वेळ बरा जातो. पण हा थांबेना. मग त्याची शेजारीण सुरू झाली. मग तिच्या मागचे तिघे. पाच मिनिटांत अख्खा पिंजरा कवायतीला उभा राहिल्यासारखा पाय हलवत होता आणि समोर उभ्या असलेल्या शेठच्या हातातली पाण्याची बाटली त्याच्याच चपलेत हळूहळू रिकामी होत होती.

शेठ हे त्याचं नाव नव्हे. गल्लीने आधी 'उंदीरशेठ' म्हटलं, मग लांबलचक पडतं म्हणून त्यातला उंदीर गाळला. गल्लीने हे चेष्टेत केलं होतं, पण त्याने ते गंभीरपणे घेतलं. तो सगळंच गंभीरपणे घ्यायचा. शहराबाहेरच्या सर्पालयासाठी तो उंदीर वाढवायचा. दर गुरुवारी गोठवलेल्या उंदरांचं खोकं तिकडे पोचायचं आणि अजगर जेवायचे. सगळं सुरळीत होतं. फक्त एक स्टूल मधे होतं.

ते स्टूल सासऱ्यांच्या फरशीच्या दुकानात होतं. लग्न ठरवतानाच सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "उंदरांचं जमतंय तोवर जमतंय. नाही जमलं, तर दुकानात यायचं." शेठ हो म्हणाला होता, कारण नाही म्हणणाऱ्याला मुलगी मिळत नव्हती. त्या दिवसापासून गल्ल्याशेजारी एक स्टूल गादी घालून ठेवलेलं होतं. गिऱ्हाईक उभं राहिलं तरी चालेल, पण त्यावर कुणी बसायचं नाही. सासरे रोज सकाळी त्याची धूळ झटकत.

आणि आता उंदीर खाजवत होते. शेठने एकाला उचललं, त्याच्या पाठीवर चिकटपट्टी दाबली, ती काळ्या पुठ्ठ्यावर लावली आणि वर भिंग धरलं. पट्टीवर एक बारीकसा पांढरट ठिपका होता. तो चालत होता.

माइट. केसांच्या मुळाशी बसणारी, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. शेठ तिथेच जमिनीवर बसला. येत्या गुरुवारी सर्पालयाची डॉक्टर वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीला येणार होती, आणि सर्पालयाचं पत्र अगदी स्पष्ट होतं : एकाही उंदराच्या अंगावर जिवंत माइट सापडला तर माल कायमचा बंद. म्हणजे स्टूल.

त्याला कळेना की हे आलं कुठून. खोलीच्या दारावर त्याच्याच हस्ताक्षरातले नऊ नियम प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेले होते. शेठखेरीज कुणी आत यायचं नाही. चपला वेगळ्या, अॅप्रन वेगळा. नवा उंदीर आला की तीन आठवडे दुसऱ्या खोलीत एकटा. पिंजऱ्यात घालायचा लाकडाचा भुसा आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये, म्हणजे त्यात काही असेल ते मरून जातं. बाहेरची वस्तू आणायची नाही, लाकडाची तर नाहीच, कारण फटीत माइट लपतात. सातवा नियम लाल शाईत होता : जो कुणी माइट आणेल त्याला तीस दिवस खोलीबंदी, नातं बघितलं जाणार नाही.

त्याने स्वयंपाकघरात जाऊन बातमी सांगितली. मग आईने कोपर खाजवलं. ते पाहून बायकोने मान खाजवली. बाबांनी बराच वेळ धीर धरला आणि शेवटी पाठ दाराच्या चौकटीला घासली. उंदरांचे माइट माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाहीत, हे शेठने तीनदा समजावलं. तिघांनाही ते पटलं. हातांना पटलं नाही.

चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सोबत घाबरवूनही सोडलं. थेंब वजनाच्या हिशेबाने मानेवर टाकायचा. जास्त झाला तर उंदीर जाईल, कमी झाला तर माइट राहील. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून बारा दिवसांनी पुन्हा. आणि औषध लागलेला उंदीर महिनाभर अजगराला द्यायचा नाही. गुरुवारच्या खोक्याचा प्रश्न नव्हता, जुना माल डीप फ्रीझरमध्ये भरपूर होता. प्रश्न होता एकशे त्रेचाळीस जिवंत उंदरांचं वजन करायचं कुणी, हा.

बाबा उठून उभे राहिले. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झाले होते आणि गेल्या तीन वर्षांत घरात कुणी त्यांना कशाचंही वजन विचारलेलं नव्हतं. ते आतून तराजू घेऊन आले. तो पुसलेला होता, तेल दिलेला होता, जणू याच शनिवारची वाट बघत होता.

"हलतोय," पहिल्या उंदराकडे बघत बाबा म्हणाले. "हलत्या मालाची नोंद होत नाही."

"बाबा, तो उंदीर आहे."

"मग त्याला सांग."

शेवटी भोकं पाडलेल्या डब्यात बसवून, डब्याचं वजन वजा करून काम सुरू झालं. बाबा वजन पुकारत, शेठ थेंब टाकत, आणि कुणाला औषध लागलं ते कळावं म्हणून बायको प्रत्येक शेपटीवर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका देत होती. पिंजरे उकळत्या पाण्याने धुवायचे म्हणून उंदीर प्लास्टिकच्या टबांत घालून न्हाणीघरात ठेवले. त्यामुळे घरातल्या आंघोळी बंद झाल्या. खाज आणखी वाढली. उंदरांचा डीप फ्रीझर भरलेला असल्यामुळे नवा भुसा स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गेला आणि आईचा वर्षभराचा मटार बाहेर आला. मटार वाया घालवायचा नाही हा आईचा नियम होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत नव्हता, तरी घरात नऊच्या नऊ नियमांपेक्षा जास्त चालायचा. रविवार दुपारपर्यंत घराने मटाराखेरीज काही खाल्लेलं नव्हतं.

एक नंबरचा पिंजरा मात्र शेठने स्वतःच्या हाताने, वेगळा, कोमट पाण्याने धुतला. त्यात आजी राहायची. आजी म्हणजे दोन वर्षांची उंदरीण. निम्मी खोली तिचीच लेकरं-नातवंडं होती आणि सेवेबद्दल तिला डीप फ्रीझर माफ होता. तिला पंचेचाळीस अंशांच्या वरचं काही सोसणार नाही, असं शेठचं मत होतं. तिचं लाल दाराचं चिमुकलं लाकडी घर त्याने फडक्याने पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवलं.

मग रविवारी दुपारी मटाराच्या ताटांभोवती चौकशी बसली. शेठ ताठ बसून म्हणाला की माइट उडत येत नाहीत, कुणीतरी खोलीत गेलेलं आहे, आणि ज्याने हे केलं त्याने आत्ताच सांगितलेलं बरं.

"मी जाते," आई म्हणाली.

शेठचा घास हातात राहिला. "कधी?"

"रोज. दुपारी दोनला. अॅप्रन घालते, चपला बदलते, हात धुते. तू काय मला गावंढळ समजतोस का?"

"अगं पण करतेस काय तिथे?"

"बोलते." आईने सुनेकडे पाहिलं, मग मटाराकडे पाहिलं. "मनातलं. ते मधे तोंड घालत नाहीत."

शेठने आधारासाठी बायकोकडे वळून पाहिलं. बायको शेपटीच्या ठिपक्याशी जुळणाऱ्या स्वतःच्या नखांकडे बघत होती.

"मी सहाला जाते," ती म्हणाली. "दोनला आई असतात हे माहीत होतं ना, म्हणून सहाला."

म्हणजे गेले कित्येक महिने त्याच एकशे त्रेचाळीस उंदरांनी दुपारी एक बाजू आणि संध्याकाळी दुसरी बाजू ऐकली होती, आणि एकाही मिशीतून शब्द बाहेर पडला नव्हता. घरात शांतता आहे याचं श्रेय शेठ आजवर स्वतःच्या समंजसपणाला देत आला होता. तो पाणी प्यायला. मग त्याने बाबांकडे बघायचं टाळलं, पण बाबांनी घसा खाकरला.

"मी चारला," बाबा म्हणाले. "वजनं घेतो. खाजगीत. आठ महिन्यांची वही आहे."

वही आणली गेली. तिच्यात तारीखवार, पिंजरावार, ग्रॅमचा दहावा भाग धरून नोंदी होत्या. बाबांनी चष्मा चढवला आणि खात्यातल्या आवाजात सांगितलं की वजनाची पहिली घट तीन आठवड्यांपूर्वीची आहे आणि ती एक नंबरच्या पिंजऱ्यातली आहे. त्यानंतर दोन, तीन, असं करत ते पुढे सरकलेलं आहे.

"आजीवर संशय घ्यायचा नाही," शेठ म्हणाला. "ती घराबाहेर पडत नाही."

तिघांनाही खोलीबंदी होणार हे त्याने जाहीर केलं. मुदत गुन्हा सिद्ध झाल्यावर ठरेल.

गुरुवारी सकाळी दहाला सर्पालयाची डॉक्टर आली. तिशीतली, कमी बोलणारी. दारावरचे नियम तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, मान डोलावली आणि दिलेल्या चपला घातल्या. शेठने झालं ते सगळं खरं सांगून टाकलं, कारण गुलाबी ठिपक्यांचं दुसरं कारण त्याला सुचलं नाही. मग घरातले चौघं भिंतीला लागून उभे राहिले आणि डॉक्टर एकेक उंदीर उचलून पट्टी लावत, भिंगातून बघत गेली. पाचव्या पट्टीवर ती थांबली.

"एक आहे," ती म्हणाली.

शेठला डोळ्यांसमोर स्टुलावरची गादी दिसली.

"मेलेला आहे," डॉक्टरने वाक्य पुरं केलं.

वीस उंदीर झाले. जिवंत एकही नाही. मग तिने बाबांची वही मागितली, चार पानं उलटली आणि विचारलं की एवढं काटेकोर काम कुणी केलं. बाबांनी नुसता हात वर केला. डॉक्टर पहिल्यांदाच हसली, म्हणाली की आमच्याकडे पगारी माणसं असून अशी वही नाही. वहीतल्या पहिल्या घटीवर बोट ठेवून ती एक नंबरच्या पिंजऱ्याशी गेली, आजीला अलगद बाजूला केलं आणि लाल दाराचं घर उचलून उलटं केलं.

त्याच्या बुडाला पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं : स. १७, मोडीत. म्हणजे सर्पालयाची सतरा नंबरची, मोडीत काढलेली वस्तू.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"तुमच्याच मागच्या फाटकाशी," शेठ म्हणाला. "टाकून दिलेलं होतं. चारेक आठवडे झाले. चांगलं होतं, दार होतं त्याला. म्हटलं आजीला या वयात..."

"फ्रीझरमध्ये ठेवलंत?"

"रंग उडेल म्हणून नाही ठेवलं."

"आम्ही ते टाकून का दिलं होतं, ते कुणाला विचारलंत?"

"नाही."

"माइट झाले होते म्हणून."

घरातल्या सगळ्यांचं खाजवणं एकदम थांबलं. आईने तोंडावर हात ठेवला. बायको शेठकडे असं बघत होती, की जणू संध्याकाळी सहाला सांगायला तिला आयुष्यभर पुरेल एवढं सापडलं होतं. डॉक्टरने घराच्या फटीतून पट्टी फिरवली, भिंगातून पाहिलं आणि ते घर पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं.

"यात आहेत जिवंत. पण पत्रात उंदराच्या अंगावर म्हटलंय," ती म्हणाली. "माल चालू राहील. दारावरचे नियम मात्र कडक पाळायचे."

"अर्थात," शेठ म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की पुढचं त्याला आधी ऐकूच आलं नाही. बाबा दारापाशी जाऊन चष्मा सावरत लाल शाईतला नियम मोठ्याने वाचत होते. तीस दिवस खोलीबंदी.

"बाबा, तो नियम मी लिहिलाय."

"अक्षर तुझंच आहे," बाबा म्हणाले. "म्हणजे वाद उरत नाही."

"आई."

"नातं बघितलं जाणार नाही," आई म्हणाली आणि त्याच्या अॅप्रनची गाठ मागून सोडली.

बारा दिवसांनंतरचे थेंब बाबा टाकणार, भुसा आई गोठवणार, खोकं बायको पोचवणार, असं डॉक्टरसमोरच ठरलं. तीस दिवस शेठने करायचं काय, एवढाच मुद्दा राहिला. तो बायकोने वडिलांना फोन करून सोडवला. फोनमधून धूळ झटकल्याचा आवाज आला.

स्टूल बसायला चांगलं होतं. फरशीच्या दुकानात गिऱ्हाईक कमी येतं आणि आलं तरी दोन तास विचार करून उद्या येतो म्हणतं. सासऱ्यांनी वेळ जायला त्याच्या पुढ्यात शेंगदाण्यांची वाटी ठेवली होती. चौथ्या दिवशी दुपारी दोनला आई आत आली. तिने फरशी बघितली नाही.

"तिकडे तुझे बाबा तराजूपुढून हलत नाहीत," ती समोर बसत म्हणाली. "आणि बाबांसमोर उंदरांशी मनातलं काय बोलणार? तू ऐक." मग तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. शेठने दोनदा तोंड उघडलं, तेव्हा ती म्हणाली की उंदीर असं करत नाहीत. तो गप्प बसला.

सहाला बायको आली. तिनेही सुरुवातीपासूनच घेतलं, फक्त सुरुवात वेगळी होती.

सातला सासऱ्यांनी अर्धं शटर खाली ओढलं, रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं आणि स्वतःची खुर्ची स्टुलाजवळ सरकवली.

"जावईबापू, घाई नाही ना?" ते हळूच म्हणाले. "तुमच्या सासूबाईंबद्दल जरा बोलायचं होतं. बावीस वर्षांचं साठलंय."

शेठने वाटीतला एक दाणा दोन्ही हातांनी उचलला, पुढच्या दातांनी हळूच कुरतडला आणि कान टवकारले.