कचरूमामांचा टब

आमचे शेजारी कचरूमामा कधी खुर्चीवर बसत नाहीत. चहाला बोलवा, एका हाताने दाराची चौकट धरतील, दुसऱ्या हाताने बशी ओठांना लावतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत राहतील. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला. नोकरी संपली, सवय काही संपली नाही. लग्नातसुद्धा हा माणूस खांब धरून जेवतो. त्यांच्याशी जरा वेळ बोललं, की पाय आपलेच दुखायला लागतात.

यंदा उन्हाळ्यापासून तर कहरच झाला. कौसामामींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या संभाजीनगरला लेकीकडे राहायला गेल्या. तिथून निरोप आला, की इथे वडीगोद्रीला घरच्या न्हाणीत पाटावर खाली बसून आंघोळ आता जमायची नाही, तेव्हा येणं लांबलंच समजा. मामा दर आठवड्याला बसने जायचे, "गुडघा कसाय?" विचारायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि परतीची गाडी धरायचे. घरी आले की पुन्हा गल्लीभर येरझाऱ्या. पायाला नुसती भिंगरी.

अशात हायवेवरचं एक लॉज पाडायला काढलं. त्यातल्या डिलक्स खोलीचा बाथटब मामांनी टेम्पोत घालून आणला. गल्लीत उतरवताना समोरच्या म्हातारीने विचारलं, "म्हैस कधी आणून राह्यला रे, कचरू?"

"म्हैस न्हाई, कौसा येणार हाय," मामा म्हणाले आणि मग जीभ चावली. "तिला पाटावर बसायची गरजच न्हाई आता. बिलकुल लंबी होऊन आंघोळ करंल."

घोडं अडलं ते फरशीवर. न्हाणीची शहाबादी फरशी मोरीकडे उतरती. ती तशीच हवी, नाहीतर पाणी जाणार कुठून? पण टब ठेवला की तोही मोरीकडे कलायचा. मामा एकदा कपड्यांसकट आत बसले आणि पाणी सोडलं. ओल्या फरशीवरून टब हळूहळू निघाला. मामांनी हात वर करून घंटीची दोरी चाचपली. दोरी नव्हती. टब कोपऱ्यात आदळून थांबला आणि अर्धं पाणी माझ्या पँटवर आलं.

मग त्यांनी गल्लीच्या नाकी नऊ आणले. टबाखाली कधी वीट, कधी फळीचा तुकडा, कधी जुन्या चपलेचा तळ. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेवलची नळी गळ्यात अडकवून मामा हिंडायचे, कारण तिचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. ते दिसले, की लोक दारं ओढून घेऊ लागले. सापडायचो मी.

"मामा, इकडं-तिकडं बोटभर कमीजास्त झालं तर काय बिघडतं?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"पाणी एका अंगाला गेलं तर तिला वाटंल, कसंतरी उरकलंय."

मी गुमान टोक धरलं.

शेवटी खाली विटांचा आणि सिमेंटचा ओटा बांधून त्यावर टब पक्का केला. पाणी चहूकडून काठाला सारखं लागलं. मामांनी लेकीला फोन लावला. "टब बसलाय. बराबर लेवल. आईला दाखवायला आण." आणि ठेवून दिला.

रविवारी लेक, सुमन, मामींना घेऊन आली. निम्मी गल्ली न्हाणीच्या दारात जमली. मामी काठी टेकत आत गेल्या. टबाचा काठ त्यांच्या कंबरेला लागला. त्यांनी टबाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, पाय उचलंना म्हणून मी गेल्ते. आता ह्याच्यात चढू कशी?"

इतके दिवस खपलो, पण एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"काढतो. आत्ता फोडतो वटा. जल्दी दुसरं कायतरी करतो," मामा भराभर बोलू लागले. पहार आणायला वळले आणि दारातच थांबले. "कौसा, तू न्हाई तर घरात बसवत न्हाई मला. आता हितंच राहा."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "आंघोळीचं काय, ती प्लास्टिकच्या खुर्चीवरबी झाली असती. लेकीकडं तशीच करून राह्यले. पण दर खेपेला तुमी गुडघ्याचंच इचारलं. घरी चल म्हणले का एकदा तरी?"

मामा नुसती मान हलवत राहिले.

बाहेर सुमनने कारची किल्ली वाजवली. "आई, निघायचं ना?"

"तू नीघ," मामी म्हणाल्या. "माझ्या लुगड्यांची पिशवी उद्याच्या एसटीत ठिवून दे."