परळच्या मैदानावरची येळवस

जळकोटची येळवस मी मुंबईत जशीच्या तशी उभी करीन, असा शब्द मी बायकोला देऊन बसलो. वर छातीवर हातही मारला!

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अवसेला आमच्या धाराशिवकडं गाव सगळं ओस पडतं आणि रानं भरतात. शेतात कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग आंबील-भज्जी खायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हो, मुंबईकर! तूर, हरभरा, वाल, चाकवत, मेथी, रानात जे उगवतं ते सगळं बेसनात शिजवलेलं. आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. दोन तांबे प्यालं की माणूस बांधावरच आडवा होतो.

मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबादच्या कचेरीतून माझी बदली मुंबईच्या सचिवालयात झाली. परळच्या चाळीत एक खोली मिळाली. चैत्रात द्वारका, म्हणजे माझी बायको, आली आणि तेव्हापासून वाळत चालली. इथलं पाणी गोडं न्हाय, भाकरीला चव न्हाय, शेजारीण नुसती हसते, बोलत न्हाय. दिवाळी झाली तशी ती म्हणाली, "येळवशीला मला गावाकडं पोचवा. मागारी यायचं का न्हाय, ते तिथं गेल्यावर बघू."

हे ती शांतपणे म्हणाली, म्हणून मी घाबरलो. साहेबानं रजा नाकारली. मग दुसरं काय करणार, शब्द दिला. तिनंही अट घातली की येळवस मनासारखी झाली तर राहीन, नाहीतर दुसऱ्या दिवशी सोमलिंगअण्णांबरोबर निघीन. हे अण्णा आमच्या जळकोटचेच, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि गावी निघालेलेच होते.

अण्णांनी तबेल्यातून कडबा आणला. चाळीपुढच्या मैदानाच्या कोपऱ्यात खोप उभी राहिली. दगड रंगले. मुंबईतले आमच्याकडचे अकरा जण जमले आणि अकरांपुरती भज्जी झाली. खोपीपुढं हात जोडताना द्वारका आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली. मला वाटलं, जिंकलो!

आणि तिथंच माझी मती फिरली. येळवशीला बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची, ही आमची रीत. मी मैदानाच्या कठड्यावर चढलो आणि जळकोटच्या आवाजात ओरडलो, "या हो या, येळवस हाय, जेवून जावा!"

आता गावाकडं काय होतं? हाक मारलेल्या माणसाला स्वतःचं रान असतं, तिथं त्याची स्वतःची भज्जी वाट बघत असते. तो घासभर खातो, घोटभर पितो आणि पुढं जातो. पण परळमध्ये रान कुणाला? वर रविवार, गिरण्या बंद. ज्याला हाक मारली तो आला, मांडी घालून बसला आणि पान कुठाय म्हणाला. त्याला बसलेला बघून दुसरा बसला. पंगतीला पंगत लागली. खोपीतले पाच दगड बघून कुणीतरी नवं देवस्थान झाल्याची बातमी चाळीत नेली, तशा बाया नारळ घेऊन रांगेला लागल्या. मागोमाग हवालदार आला आणि देवळाला परवानगी कुणाची म्हणून विचारू लागला. मी पांडवांपासून समजवायला सुरुवात केली. युधिष्ठिरापर्यंत पोचलो तोवर अण्णांनी त्याच्या हातात आंबिलाचा तांब्या दिला. हवालदारानं टोपी काढली आणि तोही पंगतीत बसला.

भज्जीच्या पातेल्यात डाव खरवडल्याचा आवाज आला तेव्हा चाळीस माणसं पानावर होती. येळवशीच्या पानावरनं माणूस उपाशी उठणं म्हणजे आमच्यात लई वाईट. द्वारकेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"हाका मारायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" एवढंच ती म्हणाली. मला खोपीत शिरून सहावा पांडव व्हावंसं वाटलं.

हे सगळं वरच्या गॅलरीतून ती नुसतं हसणारी शेजारीण बघत होती. रत्नागिरीकडची बाई. ती खाली आली ती मटकीच्या उसळीचं अख्खं पातेलं घेऊन. द्वारकेला म्हणाली, "रडतेस काय गो? ओत त्यात."

द्वारकेनं ओतलं. भज्जीत सगळं खपतं. मग सगळी चाळच खाली उतरली. कुणी भात आणला, कुणी वरण. तळमजल्यावरच्या गुजराती काकींनी ढोकळा आणला, तोही कुस्करून आत गेला. तबेल्याचा भय्या ताकाचा हंडा घेऊन आला, आंबील वाढली. नारळ फोडून वाटले. एकजण माशांचं कालवण घेऊन निघाला होता, त्याला अण्णांनी जिन्यातच हात जोडून परत पाठवलं. अण्णा लिंगायत, त्यांचा जीव अर्धा झाला होता! पण एकही माणूस उपाशी उठला नाही. त्या माणसांचे उपकार कसे फेडायचे, मला आजही कळत नाही. ज्यांची नावं ठाऊक नव्हती, त्यांनी त्या दिवशी माझा संसार राखला.

पांगापांग झाल्यावर बघतो तर द्वारका आणि ती शेजारीण एकाच पानात जेवत होत्या. उसळीत मटकी काळी पडू नये म्हणून काय घालायचं, यावर जोरात बोलणं चाललं होतं. मी भीतभीत विचारलं, उद्याचं काय ठरलं? अण्णांना काय सांगू?

"त्यांना म्हणावं, येताना माझ्या आईकडनं दोन पायली ज्वारी आणा," ती म्हणाली. "पुढच्या येळवशीला चाळ सगळी येणार हाय. मी सांगून ठेवलंय."

मला लई आनंद झाला, आणि माझं जेवण राहिलंय हे तेव्हा कुठं आठवलं. पातेल्यात डोकावलो. ते चाटूनपुसून लख्ख होतं. जेवायला हाका मारत सुटलेल्या माणसाला स्वतः जेवायला बसवायचं एवढं मात्र सगळी चाळ विसरली होती. कोपऱ्यावरच्या इराण्याकडं जाऊन ब्रून-मस्का खाल्ला, आणि खरं सांगतो, तो लई गोड लागला.