एकशेवीसच्या अलीकडे-पलीकडे

"त्याला आडवाच धर," रावसाहेब म्हणाले. "पाय जमिनीला लागता कामा नयेत."

उदयसिंहाने आठ वर्षांच्या इंद्रजितला दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, आणि कामोठ्यातल्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद होती. तिसऱ्या मजल्यावरून पुढे मुलाला घेतलेला उदयसिंह, मागे पाण्याच्या बाटल्या घेतलेली राजलक्ष्मी आणि सगळ्यात शेवटी मोजायची टेप घेतलेले रावसाहेब, अशी वरात खाली उतरली. वॉचमन मानसिंग खुर्चीतून ताडकन उठला.

"कुठल्या हॉस्पिटलला, साहेब? रिक्षा थांबवू का?"

"हॉस्पिटल नाय, पिकनिक," उदयसिंह धापा टाकत म्हणाला.

इंद्रजितने पडल्या पडल्याच मानसिंगला टाटा केला.

पळस्पे फाट्याच्या पुढे आत वळलं की 'मौजनगरी' लागते. तिथे 'गरुडझेप' नावाची एक राइड आहे. नव्वद सेकंदांत ती माणसाला आकाशात नेते, उलटं करते आणि परत आणून सोडते. तिच्यात बसायला उंची एकशेवीस सेंटिमीटर लागते. इंद्रजित तिसरीच्या वर्गात सगळ्यात बुटका. खालच्या मजल्यावरची पायल त्याच्यापेक्षा एक इयत्ता मागे, पण ती दिवाळीत गरुडझेपेत बसून आली होती. तेव्हापासून पार्किंगमध्ये खेळ सुरू झाला की ती त्याच्या डोक्यावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "हा लिंबूटिंबू." सहा महिने इंद्रजितने ते निमूट सोसलं होतं.

रावसाहेब खटाव तालुक्यात छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होते. रडणाऱ्या मुलाला खाऊ द्यायच्या ऐवजी हातात टेप द्यावी, असं त्यांचं मत. त्यांनी नातवाला रोज सकाळी आणि संध्याकाळी दाराच्या चौकटीला उभं करून रेघ मारायला शिकवलं. मे महिन्यात पोराने वही आणून दाखवली. "आबा, गंमत बघा. सकाळी मी एकशे साडेवीस आहे आणि संध्याकाळी एकशे साडेएकोणीस. टेप बिघडलीय का?"

"टेप नाही बिघडली, बाळा. मणक्यामध्ये मऊ चकत्या असतात. दिवसभर आपण उभे राहिलो, बसलो की त्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. म्हणजे आता काय करायचं?"

इंद्रजितने बराच विचार केला. "म्हणजे गरुडझेपेला सकाळी जायचं. आणि तोपर्यंत उभंच राहायचं नाही."

रावसाहेबांना इतका आनंद झाला, की त्यांनी वहीवर लाल पेनाने शेरा लिहिला.

उदयसिंहाला मणक्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो कळंबोलीत लोखंडाच्या गोदामात क्लार्क होता आणि त्याचा प्रश्न साधा होता. "दिवसभर उन्हात भाजायचं, वर पाच-सहा हजार मोजायचे, कशापायी? तेवढ्यात सगळे गावाला दोनदा जाऊन येऊ. वर आमरस!" पण घरात तीन विरुद्ध एक असं मतदान झालं. त्याने मुकाट्याने मोबाईलवर तिकिटं काढली. मोठ्यांचं तिकीट दीड हजार. एकशेवीस सेंटिमीटरच्या आतल्या मुलांचं नऊशे. इंद्रजितचं त्याने नऊशेचं काढलं. ही गोष्ट मात्र घरात कुणाला सांगितली नाही.

गाडीत इंद्रजितचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय आबांच्या मांडीवर होते. पनवेलच्या पुढे गाड्यांची रांग लागली तेव्हा तो एकदा उठून बाहेर बघायला लागला.

"झोप!" रावसाहेब ओरडले. "दोन मिलिमीटर जातील!"

"आबा, मी गाडी चालवतोय," उदयसिंह म्हणाला. "असं एकदम ओरडू नका."

मौजनगरीच्या दारात लाकडी विदूषक उभा होता. त्याचा हात आडवा पसरलेला, बरोबर एकशेवीस सेंटिमीटरवर. शेजारी गणवेशातली एक मुलगी होती. तिने मोबाईलवरची तिकिटं बघितली. "सर, यात एक तिकीट चाइल्डचंय. हाइट चेक करावी लागेल."

"चाइल्डचं?" रावसाहेब चमकले. "उदय, अरे पोरगा एकशे साडेवीस आहे!"

"आबा, हळू बोला."

"हळू कशाला? सहा महिने वाढवलाय त्याला!"

उदयसिंहाने मुलाला पहिल्यांदाच जमिनीवर ठेवलं आणि मायेने त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात दाबले. "इंद्या, एकदम आरामात उभा राहा हं. सैल. गुडघे ढिले सोड."

"ताठ!" रावसाहेब म्हणाले. "छाती पुढं. टाचा जोडून."

इंद्रजितने आधी पप्पांकडे बघितलं, मग आबांकडे. मग त्याला कुंपणापलीकडून गरुडझेपेतल्या माणसांच्या किंकाळ्या ऐकू आल्या, आणि तो झेंड्याच्या काठीसारखा ताठ झाला. विदूषकाच्या हातावर त्याचं डोकं टक्कन आपटलं.

"वन ट्वेंटी प्लस," मुलगी म्हणाली. "फुल तिकीट. सहाशे रुपये डिफरन्स."

"ते केस आहेत, मॅडम. आमच्याकडं सगळ्यांचेच केस असे उभे," उदयसिंह म्हणाला. मग केस पाणी लावून बसवले. मग बूट काढले. मग मोजे काढले. मग उदयसिंहाने विदूषकच तिरका असल्याचा मुद्दा काढला, तेव्हा सुपरवायझरला बोलावणं गेलं. विदूषक सरळ निघाला. राजलक्ष्मी इतका वेळ बाटल्या धरून उभी होती. ती शेवटी म्हणाली, "अहो, भरा ना पैसे. आपलं पोरगं उंच झालं म्हणून कुणी असं तोंड पाडतं का?"

उदयसिंहाने सहाशे रुपये भरले. पावतीवर लिहून आलं, 'उंची १२० से.मी.पेक्षा अधिक. प्रौढ दर.' पण या सगळ्यात पाऊण तास गेला होता, आणि तेवढ्या वेळात कुठल्याशा कंपनीच्या तीन बसेस त्यांच्या शेजारून आत रिकाम्या झाल्या होत्या. ते गरुडझेपेपाशी पोचले तेव्हा रांगेच्या टोकाला पाटी होती, 'येथून अंदाजे अडीच तास.'

"अडीच तास उभा राहिला तर संपलंच," रावसाहेब म्हणाले. "उदय, उचल त्याला."

"खांद्यावर घेतो."

"खांद्यावर म्हणजे बसणं झालं. बसलं की मणका आणखी दबतो. आडवा."

ऊन डोक्यावर आलं होतं. उदयसिंहाने पोराला पुन्हा आडवं उचललं. दहा पावलं पुढे सरकेपर्यंत रांगेतल्या एका आजींनी त्याच्या तोंडात साखर-मिठाचं पाणी ओतलं, दुसऱ्या बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि कुणीतरी शिट्टी मारून गार्डला बोलावलं.

"काय झालंय याला?"

"काही नाही. उभा राहिला तर कमी होईल," रावसाहेबांनी खरं ते सांगितलं.

गार्ड थोडा मागे सरकला. "काका, आजारी मानसाला राइड नाय. उभा राहत असंल तर रांगेत, नायतर दवाखान्यात."

इंद्रजितला उभं राहावं लागलं. अडीच तासांचे तीन तास झाले. पोराचं लक्ष पायांवरून उडावं म्हणून रावसाहेबांनी त्याला गणित घातलं. "आपले तिकिटाचे एकूण सहा हजार झाले. राइड नव्वद सेकंदांची. एका सेकंदाला किती?"

इंद्रजितने बोटांवर, मग हातावर, मग पुढच्या माणसाच्या पाठीवर बोटाने भागाकार केला. "सहासष्ट रुपये. आणि साठ उरले."

"शाब्बास!"

"आबा," उदयसिंह म्हणाला, "दुसरं कुठलं तरी गणित घाला. तलाव भरायचं घाला."

शेवटी त्यांचा नंबर आला. तिथे पंख पसरलेला लाकडी गरुड होता. धनाजी नावाचा दांडगा तरुण दोरी धरून उभा होता. त्याने इंद्रजितला पंखाखाली उभं केलं. डोकं आणि पंख यांच्यामधून त्याची करंगळी आरपार गेली.

"नाय लागत, काका. डोका पंखाला लागला पायजे."

"सकाळी लागत होतं!" उदयसिंहाने पावती काढली. "हे वाच. तुमच्याच माणसांनी मोजलंय. एकशेवीसच्या वर. सहाशे रुपये जास्तीचे घेतले. गेटवर हा प्रौढ माणूस आणि इथं लहान पोर?"

"गेटवाले वेगले, आमी वेगले. ऑफिसात जा. मागं लाइन हाय."

इंद्रजित रडला नाही. त्याने फक्त डोक्यावर हात ठेवला आणि मान वर करून पंखाकडे बघत राहिला. राजलक्ष्मीने त्याला जवळ ओढलं. ते बघून उदयसिंहाचा पारा जो चढला, तो ऑफिसच्या एसीतही उतरला नाही.

ऑफिसात शर्मिला मॅडम होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दिवसभर हेच करून त्यांनी आता उसासा टाकायचंही सोडलं होतं.

"सर, प्रॉब्लेम काहीच नाही. मुलगा एकशेवीसच्या खाली असेल तर तुमचे सहाशे रिफंड. वर असेल तर राइड. दोन्हींपैकी एकच होईल."

"हे बोललात तुम्ही!" उदयसिंहाच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा ऊन सोडून दुसरं काही उमटलं. "रिफंड द्या."

मॅडमनी छापील कागद पुढे केला. उदयसिंहाने पेन उघडलं. इंद्रजितला दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय आबांनीच लावली होती. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तो वाचू लागला, "'माझ्या पाल्याची उंची एकशेवीस सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, हे मला मान्य आहे. पालकांची सही.'" मग त्याने विचारलं, "पप्पा, तुम्हाला मान्य आहे?"

पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा एक ठिपका उमटला, तो थोडा मोठा झाला.

उदयसिंहाने पेनाला टोपण लावलं.

"नाही," तो म्हणाला. "मॅडम, पोरगा एकशेवीसच्या वर आहे. मला नाही माहीत तर कुणाला माहीत?"

"पण सर, आत्ता मोजलं तर…"

"आत्ता तो थकलाय. तुम्हीपण सकाळी उंच असाल, मॅडम. आबा, सांगा त्यांना ते चकत्यांचं."

रावसाहेब याच क्षणासाठी जन्मले होते. त्यांनी मॅडमच्या खुर्चीवरची स्पंजची उशी मागून घेतली आणि दहा मिनिटं मणका समजावून सांगितला. अकराव्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या, "तुमचं नेमकं काय म्हणणं आहे?"

"त्याला तासभर इथं आडवं पडू द्या."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, उशीकडे बघितलं, आणि बोटाने सोफा दाखवला.

तासभर इंद्रजित सोफ्यावर सरळ पडून राहिला. हसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. तक्रारी घेऊन येणारी माणसं त्याला बघून आवाज खाली करत आणि आपली तक्रार आटोपती घेत. एवढं शांत ऑफिस मॅडमनी कधी पाहिलं नव्हतं. बहुधा म्हणूनच त्यांनी स्वतःहून प्रथमोपचाराचं स्ट्रेचर मागवलं. "न्या यावरून. पण नंतर पुन्हा येऊ नका."

साडेसहाला ते स्ट्रेचर गरुडझेपेच्या रांगेजवळ आलं. पुढून उदयसिंहाने धरलं होतं, मागून एका कर्मचाऱ्याने. वर आठ वर्षांचा मुलगा, डोळे मिटून, हात पोटावर. रांगेत अजून शंभरेक माणसं होती.

"अगं बाई! याच राइडवरून पडला काय?"

"दुपारी हाच पोरगा रांगेत होता. मी बघितला ना!"

"चल रे बंड्या. आपण आइस्क्रीम खाऊ."

तीन मिनिटांत रांग विरली. धनाजी दोरी हातात धरून मोकळ्या मैदानाकडे बघत राहिला. इंद्रजित स्ट्रेचरवरून उतरला आणि पंखाखाली ताठ उभा राहिला. धनाजीने करंगळी घालून बघितली. गेली नाही. त्याने कागद घालून बघितला. तोही गेला नाही.

"लागला!" धनाजीच ओरडला. "पन बारक्याबरोबर मोठा मानूस पायजे."

रावसाहेबांनी साठी कधीच ओलांडली होती. राजलक्ष्मीला पाळण्यातसुद्धा चक्कर यायची. उदयसिंह जाऊन बसला. त्या नव्वद सेकंदांत तो दोनदा कुलदैवताचं आणि एकदा कळंबोलीच्या मालकाचं नाव घेऊन ओरडला, असं खाली उभ्या असलेल्यांनी नंतर सांगितलं. इंद्रजितचा मात्र आवाजच आला नाही. तो डोळे सताड उघडे ठेवून बघत होता.

खाली आल्यावर उदयसिंह खांबाला धरून उभा राहिला. "झालं ना मनासारखं? वर्षभर आता मौजनगरीचं नाव काढायचं नाही. सहा हजारांत नव्वद सेकंद!"

इंद्रजितने ते ऐकलं. काहीतरी आठवल्यासारखा तो गरुडापाशी परत गेला, पंखाखाली उभा राहिला आणि स्वतःचीच करंगळी वर घालून बघितली. ती आरपार गेली.

"आबा, आतमध्ये खूप दाबलं जातं," तो म्हणाला. "मी आत्ता एकशेवीसच्या खाली आहे. म्हणजे आता पप्पांचे सहाशे रुपये परत मिळतील ना?"

छत्तीस वर्षं खोटं बोलू नका म्हणून शिकवलेल्या माणसाला त्या वाक्यात खोटं कुठे आहे, ते सापडेना. राजलक्ष्मी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागली.

उदयसिंहाने खांब सोडला.

"इंद्या," तो म्हणाला, "ऑफिसपर्यंत चालत नको येऊस. उड्या मारत ये."

शर्मिला मॅडम पर्स खांद्याला लावून निघतच होत्या. काचेतून त्यांना मैदानाच्या टोकाला तो मुलगा टणाटण उड्या मारत येताना दिसला. मागे लगबगीने त्याचा बाप, बापामागे उशी समजावणारे ते आजोबा. मॅडमनी पर्स खाली ठेवली, दिवा मालवला आणि दाराला आतून कडी घातली.