भालेराव काकांची पाणंद

भालेराव काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा दारातच थांबले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "ताई, तुमचं कुंपण पूर्वेला सरकलंय."

मी ऑफिसची मीटिंग कशीबशी आवरून त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. ग्लास घ्यायचा सोडून काका परत अंगणात गेले, एक डोळा मिटून कुंपणाच्या रेषेत वाकले आणि म्हणाले, "शेजारच्या बाईंची हातभर जमीन खाल्लीत तुम्ही. अजून भांडायला आल्या नाहीत?" शेजारच्या बाई ऐंशीच्या. आम्हाला दर वर्षी फिजोआ नावाच्या फळाचा जॅम आणून देतात. त्या वर्षी तो जॅम माझ्या घशाखाली उतरेना.

काका म्हणजे आमचा शेजारी निलेश याचे वडील. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते, उभा जन्म लोकांच्या बांधांवर गेलेला. काकू गेल्यावर निलेशने त्यांना इकडे परदेशात आणलं. निलेश 'ते रापा' नावाच्या गावी दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर, सून हॉस्पिटलात, नात शाळेत. आम्ही राहतो हॅमिल्टनच्या उत्तर टोकाला, जिथे घरं संपतात आणि मेंढ्या सुरू होतात. म्हणजे सकाळी आठनंतर काकांशी बोलायला मेंढ्याच.

निवृत्त झाले तरी मोजणी काही सुटली नव्हती. मंडळाच्या गणपतीत सतरंजी भिंतीला समांतर नाही म्हणून त्यांनी आरती थांबवली होती. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नकाशावर आहे ना? मग आहे. वाद कसला?" एकदा आमच्या कोपऱ्यावरचा बसस्टॉप दुकानापलीकडे हलवला, पण नकाशावर जुनीच जागा राहिली. काका जुन्या जागी उभे. बस डोळ्यांदेखत पुढे जाऊन थांबली, माणसं चढली, बस गेली. मी गाडी थांबवून त्यांना आत घेतलं तर म्हणाले, "चूक बसची आहे."

घरातला कुत्रा ओघानेच त्यांच्या वाट्याला आला. नातीने त्याचं नाव ठेवलं होतं मायलो. काकांनी ठेवलं भाऊसाहेब. "आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. हाही गावभर हिंडतो, जिथेतिथे हुंगतो आणि कामाच्या वेळी सापडत नाही." नात चिडून म्हणायची, "आजोबा, हिज नेम इज मायलो!" पण कुत्रा भाऊसाहेब म्हटल्याशिवाय वळेनासा झाला. जात अर्धी हंटअवेची, म्हणजे मोठमोठ्याने भुंकून मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याची. उरलेली अर्धी कशाची होती, देव जाणे.

आम्हा कुत्रेवाल्यांची फिरायची वाट होती ग्रॅहमच्या शेतातून, नदीच्या काठाकाठाने. माझी म्हातारी कुत्री चिंगीसुद्धा तिथे दहा वर्षांनी लहान व्हायची. ती वाट सरकारी नव्हती. ग्रॅहमची जमीन, ग्रॅहमची खुशी. कुत्रा दोरीला बांधलेला हवा आणि फाटक जसं सापडलं तसं सोडायचं, एवढंच त्याचं म्हणणं. फक्त हिवाळा सरता सरता मेंढ्या व्यायला लागल्या की तो महिना-दोन महिने वाट बंद करायचा. तसा बोर्ड लागायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, "चिअर्स, जी."

ग्रॅहम सत्तरीचा. बायको गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. काका पहिल्या पावसाळी सकाळी मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून त्याच्या चिखलातून चाललेले पाहून त्याने शेतात फिरायची चारचाकी क्वाडबाइक थांबवली, घरी गेला आणि आपले जुने गमबूट घेऊन आला. ते काकांना दोन नंबर मोठे. काकांनी आत वर्तमानपत्र कोंबलं आणि त्या दिवसापासून जँडल्स सुटले ते सुटले.

मग रोज सकाळी हे दोघे फाटकाला रेलून उभे दिसायचे. काकांचं इंग्रजी सगळं सरकारी पत्रातलं. "ग्रॅहम, द अफोरसेड शीप इज अगेन आउटसाइड." ग्रॅहम तिकडे बघत म्हणायचा, "येह, नाह." काका माझ्याकडे वळायचे. "हो का नाही? नोंद काय करायची मी?" ग्रॅहम गुडघ्याबद्दल, पावसाबद्दल, रग्बीबद्दल बोलायचा. काका जुन्नर तालुक्यातल्या बांधावरच्या मारामाऱ्या सांगायचे. कुणाचं कुणाला किती कळायचं, कोण जाणे. पण मी नदीपर्यंत जाऊन परत यायची तरी दोघे तिथेच असायचे आणि भाऊसाहेब त्या चार बुटांमध्ये झोपलेला असायचा.

तिथेच सगळं ठेवायचं होतं हो. पण निलेशने वडिलांचा वेळ जावा म्हणून त्यांना आयपॅडवर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, नकाशा उघडून दिला.

एका दुपारी काका धापा टाकत माझ्या दारात. "ताई, पाणंद!"

या देशात फार पूर्वी साहेबांनी कागदावर रस्ते आखून ठेवले. त्यातले कित्येक पुढे बांधलेच नाहीत. जमिनीवर बघाल तर नुसतं गवत, पण कायद्याने तो रस्ता, कुणीही चालत जावं. त्याला इथे पेपर रोडच म्हणतात. असा एक रस्ता ग्रॅहमच्या शेताच्या बरोब्बर मधून जात होता. काकांचे डोळे असे चमकत होते की मला त्यांना रागवायचं सुचलंच नाही. "अख्खी पाणंद गिळून बसलाय तुमचा ग्रॅहम! वर बोर्ड लावतो!"

"तुमचा" ग्रॅहम म्हणाले, ते मला खटकलं. काल-परवापर्यंत तो त्यांचा होता.

काकांनी कौन्सिलला लिहिलं. उत्तर आलं की होय, रस्ता सार्वजनिक आहे. शेवटी एक ओळ होती, की मेंढ्या व्यायच्या दिवसांत शेतकऱ्याशी बोलून घ्यावं. काकांनी पत्र आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि ती ओळ आली तेव्हा म्हणाले, "हा उपदेशपर मजकूर. तो सोडून द्यायचा."

मी म्हटलं, "काका, एकदा ग्रॅहमशी बोला तरी."

"बोलायचं काय त्यात? नकाशावर आहे."

ऑगस्टातला शनिवार, म्हणजे इथला सरता हिवाळा. नदीवाटेवर बोर्ड लागलेला. काका पुढे, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला नकाशा, पायात ग्रॅहमचेच गमबूट. मागे आम्ही पाच-सहा जण आपापले कुत्रे घेऊन. घरी बसून कंटाळलेली माणसं हक्क मिळतोय म्हटल्यावर निघतातच. कुरणाच्या मध्यावर पोचलो आणि वरून क्वाडबाइक आली.

ग्रॅहमने इंजिन बंद केलं. हळूच म्हणाला, "मेट, आत्ता नको. बघ ना, सगळ्या व्यायल्यात. ऑक्टोबरात ये."

"ग्रॅहम, धिस इज अ लीगल रोड," काका म्हणाले आणि त्यांनी नकाशा उलगडला. नकाशा उलगडायला दोन्ही हात लागतात. दोरी मनगटावरून घसरली.

भाऊसाहेबांच्या अंगातला तो अर्धा हंटअवे जन्मात पहिल्यांदा जागा झाला. काय तो आवाज! मेंढ्या फुटल्या, ओढ्याच्या दिशेने सुटल्या. अजून पायांवर धड उभी न राहिलेली कोकरं मागे राहिली, काही पायांखाली आली. काका "भाऊसाहेब! अहो भाऊसाहेब!" करत मोठ्या गमबुटांतून धावत होते आणि दर दोन पावलांना पडत होते. दुसरीकडे कुठे हे पाहिलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला इथे शेतकरी गोळी घालू शकतो. कायदा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. बंदूक क्वाडबाइकला बांधलेली होती. ग्रॅहमने तिला हात लावला नाही. ओढ्यात उतरला, भाऊसाहेबाला पट्ट्याला धरून वर आणलं, दोरी काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घेऊन जा याला घरी." काकांना कुठे लागलं का तेही त्याने बघितलं. मग तो गेला ओढ्यात अडकलेली मेंढी काढायला. ती वाचली नाही. दोन कोकरंही गेली.

संध्याकाळी निलेशने भरपाईची गोष्ट काढली तर ग्रॅहमने नुसता हात हलवून नको म्हटलं.

पुढच्या महिन्यात त्याने कायद्याप्रमाणे काकांचा रस्ता मोकळा केला. दोन्ही बाजूंनी पक्कं कुंपण, चढून जायला लाकडी पायरीसुद्धा. आणि नदीवाटेच्या फाटकाला कुलूप घातलं. काकांचा रस्ता नकाशाबरहुकूम सरळ गेला तो दलदलीत, आणि तिथून नदीच्या कड्यावर जाऊन संपला. चिंगी पहिल्याच दिवशी पोटापर्यंत रुतली. त्यानंतर तिकडे कुणी गेलं नाही. आता आम्ही सगळे मोटारींच्या रस्त्याच्या कडेने फिरतो आणि काका दिसले की फोनमध्ये बघतो. मीही चिडलेलीच होते. इतकी छान वाट होती आमची, आणि या माणसाने वाद जिंकून ती घालवली.

परवा कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, मीट-पाय घेताना ग्रॅहम भेटला. मीच विषय काढला. तो म्हणाला, तो रस्ता त्याला लहानपणापासून ठाऊक होता, वडिलांनी दाखवला होता. लोकांना त्या दलदलीत कशाला पाठवायचं, म्हणून तर बाप-लेकांनी नदीकाठ दिला होता. "त्याने नुसतं विचारायचं होतं गं," तो म्हणाला. "मी स्वतः फिरवून दाखवला असता." आणि मीट-पायची पिशवी घेऊन निघून गेला.

मी तडक काकांकडे गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले होते. काका मागच्या पायरीवर बसले होते, मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मग मला बोलला का नाही तो?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मला वाटलं, आता बसची चूक काढल्यासारखी कुणाची तरी चूक काढतील.

"ताई, मोजणीला गेलो की गावात आधी चहा मिळायचा. दोन्ही घरचा," ते म्हणाले. "मोजणी झाली की एक घर हरलेलं. जिंकलेल्याला वाटायचं, अजून वीतभर यायला हवी होती. मग पाणीसुद्धा कुणी विचारायचं नाही. फाट्यावर एसटीची वाट बघत एकटाच उभा राहायचो. इतकी गावं हिंडलो, पण एका शेतकऱ्याशी उगाच गप्पा मारत उभा राहिलो नाही कधी. हा पहिलाच, ज्याच्याकडे मी मोजणीला गेलो नव्हतो."

भाऊसाहेब येऊन त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि तिथेही मी मोजलंच."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "काका, अजून काही बिघडलेलं नाही. फाटकाशी जा, चुकलं म्हणा. माणूस चांगला आहे."

"चुकलं म्हणायला माझं काही जात नाही," काका म्हणाले. "पण तो नाही म्हणाला तर?"

आता रोज सकाळी ते भाऊसाहेबाला घरी ठेवून, गमबूट घालून त्या कुलूपबंद फाटकाशी जातात. मी खिडकीतून बघते. हात मागे बांधून उभे राहतात, टेकडीकडे बघत. क्वाडबाइकचा आवाज जवळ यायला लागला की घाईघाईने वळतात आणि घरी येतात.