मानेचे परिपत्रक आणि चार नंबरचा पंप

चार नंबरच्या पंपाचा शाफ्ट दर चाळीस दिवसांनी मोडत असे, आणि कारखान्याच्या दप्तरी ही घटना दर वेळी 'अनपेक्षित' या सदरात नोंदवली जात असे. डॅन्यूबच्या काठी आमचा खतकारखाना. पंपातून गरम गंधकाम्ल जाते, शाफ्ट साध्या स्टेनलेसचा, आम्ल त्याला कुरतडत राहते आणि एक दिवस काड्कन आवाज होतो. शेवटचा अनपेक्षित प्रकार घडला तेव्हा पंपावरच्या मिंचोच्या उजव्या बुटाचा तळच विरघळला. पाय वाचला, कारण मिंचो नेमका बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पावाचा, तुकडा उचलायला बाकाकडे वळला होता. सुरक्षा विभागाने कसून चौकशी केली आणि कामाच्या वेळी खाल्ल्याबद्दल मिंचोला ताकीद दिली.

हा मिंचो म्हणजे ओग्न्यान चाकरोव्हचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. आणि ओग्न्यान हा कारखान्यातला पंपांचा मिस्त्री. त्याच संध्याकाळी बहीण रुमियाना तो बूट हातात धरून भावाच्या दारात उभी राहिली.

"दादा, आज बूट आणलाय. पुढच्या वेळी काय आणू?"

"काही आणावं लागणार नाही," ओग्न्यान म्हणाला. "शाफ्टच बदलतो. शब्द देतो तुला."

काय बदलायचे हे त्याला पक्के ठाऊक होते. निकेल, क्रोम आणि मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा दीड मीटरचा गोल बार. तो आणायचा, लेथवर चढवायचा, शाफ्ट करायचा. गरम आम्लात तोच टिकतो. त्याने सरळ अर्धे पान अर्ज खरडला. साहित्यनिवड विभागाने तो परत पाठवला: 'काय हवे हे अर्जदाराने आधीच ठरवल्यामुळे निवडीस वाव उरत नाही. सबब किमान तीन पर्याय सादर करावेत.'

आता नको असलेले दोन पर्याय आणायचे कुठून? ओग्न्यानने डोके खाजवले आणि जागा भरायची म्हणून लिहून टाकले. बार एक: निकेल आणि तांबे, समुद्राच्या पाण्यासाठी उत्तम, जहाजांना लावतात. बार दोन: निकेल आणि क्रोम, भट्टीच्या धगीसाठी. बार तीन: हवा तो.

अंतिम निवड व्हिएन्नाच्या मुख्य कचेरीकडे असल्याने तिथून हेर लिंडनर आले; हेर म्हणजे तिकडच्या भाषेत श्रीयुत. दुभाष्याचे पद गेल्याच वर्षी रद्द झाले होते, म्हणून निवडीचा नमुना शब्दांवाचून चालेल असा आखलेला होता. साहेबांनी बारच्या तुकड्यावर बोट ठेवायचे, मिस्त्रीने मान हलवायची, साहेबांनी रकान्यात खूण करायची. रकाने तीन: 'होकार', 'नकार', आणि मान कशीही हलली तरी चालेल असा 'हरकत नाही'.

आमच्याकडे मान आडवी हलली की हो आणि उभी हलली की नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. बाकीच्या जगाचे उलटे आहे, त्याला आम्ही काय करणार? पण मागे एका पाहुण्याने लिफ्टकडे बोट दाखवून 'चालू आहे का' अशी खूण केली, आठ जणांनी कळकळीने उभ्या माना हलवून 'नाही हो' म्हटले आणि पाहुणा हसत आत शिरला. त्याला चार तासांनी बाहेर काढले. तेव्हापासून व्यवस्थापिका स्नेझाना काराजोवा यांचे परिपत्रक क्रमांक सतरा लागू होते: 'पाहुण्यांसमोर कर्मचाऱ्यांनी मान युरोपीय पद्धतीने हलवावी. कसूर झाल्यास कारवाई होईल.' ओग्न्यानने आरशासमोर आठवडाभर सराव केला. बायकोने जेवताना विचारले, "अजून वाढू का?" तर त्याची मान अशी काही फिरली की तिने ताटच उचलून नेले.

आता हेर लिंडनर हेही सज्जन गृहस्थ. त्या लिफ्टची गोष्ट व्हिएन्नालाही पोहोचली होती, आणि तिथे इकडे येणाऱ्या साहेबांसाठी दोन दिवसांचा अभ्यासवर्ग निघाला होता. त्यात शिकवले होते, की त्या लोकांची उभी मान म्हणजे नकार, आडवी म्हणजे होकार. त्यांच्या रिवाजाचा मान राखा.

साहेबांनी बार एकवर बोट ठेवले. ओग्न्यानने परिपत्रकानुसार मान आडवी हलवली, मुळीच नको. साहेबांनी कौतुकाने 'होकार' लिहिले. बार दोन, पुन्हा आडवी, पण मध्येच सवयीने उभीही झाली. 'हरकत नाही.' बार तीन आला तेव्हा ओग्न्यानला मिंचोचा बूट आठवला, आणि त्याने मान इतक्या जोरात उभी हलवली की टोपी पडली. साहेबांनी 'नकार' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

कागद हाती पडला तसा ओग्न्यान धावत स्नेझानाबाईंच्या खोलीत शिरला.

"बाई, सगळा उलटा कारभार झालाय! जहाजाचा बार आम्लात घालणार? दोन आठवड्यांत भोकं पडतील!"

"मिस्त्री, आधी बसा. तुम्ही परिपत्रक पाळलंत?"

"पाळलं की! तिथंच तर घोळ झाला."

"मग तुमची चूक नाही. साहेबांनी अभ्यासवर्ग पाळला, त्यांचीही नाही. चूक कुणाचीच नसेल तर दुरुस्ती कशाची करायची?"

"अहो, पण माणूस मरेल तिथं!"

"मेल्यावर वेगळा नमुना आहे. आत्ताच कशाला अभद्र बोलता?"

तरी बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी फेरसुनावणी लावून दिली. अट एवढीच, की मिस्त्रीची मान हलण्यास योग्य आहे असा कारखान्याच्या डॉक्टरांचा दाखला हवा. डॉक्टरांनी पाहिले, तर आठवडाभराच्या सरावाने आणि त्या शेवटच्या झटक्याने मान पुरती आखडलेली. त्यांनी सक्तीने पट्टा बांधला. फेरसुनावणीत साहेबांनी तिन्ही बारांवर बोट ठेवले. पट्ट्यातली मान तसूभरही हलली नाही. ओग्न्यान घसा फोडून ओरडत होता, पण नमुन्यात ओरडण्याचा रकाना नव्हता. तिन्हींपुढे 'हरकत नाही' लागले आणि आधीची निवड कायम झाली.

बार आला. सोबतचा गुणवत्तेचा दाखला तर असा देखणा, की चौकटीत लावावा. ओग्न्यानने लेथवर शाफ्ट केला, कारण हुकूम होता; पण पंपात बसवेना, कारण बहिणीला शब्द दिला होता. प्रकरण संचालक टोंकोव्ह यांच्यापुढे गेले.

"अडचण काय आहे, थोडक्यात सांग," टोंकोव्ह म्हणाले.

"साहेब, हा आम्लात टिकत नाही. माझ्या मेहुण्याचे पाय जातील."

"मग कशात टिकतो?"

"समुद्राच्या पाण्यात. तिथं वीस वर्षं हात लावायला नको."

टोंकोव्हांनी दाखला दोनदा वाचला. "म्हणजे बार निर्दोष, निवड निर्दोष, दाखला निर्दोष. उरलं काय? आम्ल! आम्लाची निवड कोणत्या बैठकीत झाली होती?"

कुणालाच सांगता येईना. कारखाना बांधला तेव्हापासून ते आपले वाहतच होते, कसलीही मंजुरी नसताना. ते ताबडतोब थांबवण्यात आले. बुर्गासहून, काळ्या समुद्रातून, द्राक्षरसाच्या टँकरांनी खारे पाणी आणून चार नंबरच्या पंपातून फिरवायला सुरुवात झाली.

आणि खरे सांगायचे, तर पंप काय चालला! चाळीस दिवस गेले, ऐंशी गेले, दोनशे गेले. मिंचो सपाता घालून बाकावर बसू लागला आणि उघडपणे बानित्सा खाऊ लागला. एकदा गाळणीत खेकडा सापडला, तो त्याने घरी नेला. खत मात्र बनेना. पण मासिक अहवालात 'अपघात' असा रकाना होता, 'खत' असा नव्हता. ते बनतच असणार असे गृहीत धरलेले होते.

हेर लिंडनर विनाअपघात कामगिरीची ढाल घेऊन आले. सभागृह भरले. पहिल्या रांगेत रुमियाना, शेजारी मिंचो, दोन्ही पाय शाबूत, दोन्ही बूट नवे. साहेबांनी पंपाच्या फोटोवर बोट ठेवून ओग्न्यानकडे प्रेमाने पाहिले: समाधान आहे ना?

ओग्न्यानपुढे पेच पडला. नाही म्हणावे, तर उद्या पंपात पुन्हा आम्ल सोडतील, शाफ्ट हाच ठेवतील आणि मिंचोला तिथेच उभा करतील. हो म्हणावे, तर बारा शिवारांतले शेतकरी खताची वाट पाहत बसले आहेत. रुमियाना टक लावून भावाकडे पाहत होती. त्याने मिंचोच्या बुटांकडे पाहिले. त्याची मान हलली. उभी नाही, आडवी नाही, आपली नुसतीच डुलली. साहेबांनी 'हरकत नाही'वर खूण केली, टाळ्या पडल्या, आणि दोन व तीन नंबरच्या पंपांनाही समुद्राचे पाणी मंजूर झाले.

तुम्ही हसलात, बरे वाटले. पण मघापासून वाचता वाचता तुमचीही मान नंदीबैलासारखी डुलते आहे, हे शेजारचा माणूस बघतो आहे. काळजी करू नका. तुमच्यासाठीही रकाना आहे, आणि त्यात खूण केव्हाच झाली आहे.